फळधारणा शून्य

तीन हिवाळे सुवर्णा राठोडने यवतमाळच्या पॉलीहाऊसात जंगली आलूच्या, म्हणजे रानबटाट्याच्या, फुलांवर नेहमीच्या आलूचे पराग लावले आणि प्रत्येक फुलाला लाल दोरा बांधला. हा जोडा सहसा जुळतच नाही. एखाद्या झाडाच्या स्त्रीबीजातली गुणसूत्रं नेमाप्रमाणे अर्धी न होता हट्टानं अख्खीच राहिली, तरच फळ धरतं. असं एक, फक्त एक हट्टी झाड तिला सापडायला हवं होतं! नाहीच सापडलं. शेवटी तिनं अहवालात 'फळधारणा शून्य' लिहिलं, सरांनी प्रकल्प गुंडाळला आणि झाडं उपटून जाळून टाकली.

निघताना ती पाणी घालणाऱ्या मैनाबाईच्या पाया पडली.

"मावशी, तीन वर्षं माह्ये झाडं तुम्हीच त जगवले."

मैनाबाईचे डोळे भरून आले.

"लेकरावानी जपले, पोरी. आलूच्या झाडाले फळ धरलं का खाली आलू पोसत नाही. त्या कोपऱ्यातल्या झाडाले त लय वाईट खोड, दरसाली चार-दोन फळं धरेच. पण तुह्या नजरेले पडाच्या आधी मी दोऱ्यासगट खुडून टाको."