तबल्याजवळचा माइक

"खऱ्या गळ्याला माइक लागत नाही, माइकलाच खरा गळा लागतो," असं नरहरबुवांनी स्टुडिओत पाऊल टाकताच जाहीर केलं. रेकॉर्डिंग करणाऱ्या मृदुलाने मान डोलावली आणि त्यांना मनगटावरचं घड्याळ बाहेर ठेवायला सांगितलं. तिचे पेन्सिलीएवढे दोन माइक, एक बुवांसमोर आणि एक तबल्याजवळ, त्याची टिकटिकसुद्धा टिपत होते.

पंचाहत्तरीनिमित्त बुवांनी मारवा गायला. दर समेला तबल्यावरच्या दामोदरपंतांनी "वाहवा, बुवा!" म्हटलं. तीस वर्षं पंत अशीच दाद देत आले होते आणि खरं सांगायचं तर बुवा त्या दादेच्या जोरावरच गात आले होते.

मग बुवा आणि पंत हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकायला बसले. पहिल्या समेची वाहवा खणखणीत आली आणि तिच्या शेपटाला पंतांचं पुटपुटणं, "आवरा आता." दुसऱ्या समेला, "वाहवा, बुवा! पाठ गेली माझी कामातून." तिसरी सम ऐकू येण्याआधीच पंत हेडफोन काढून तबल्याची हातोडी शोधायला खाली वाकले, ते वर आलेच नाहीत.

"वाहवा ठेव आणि पुढचं काप," बुवा मृदुलाला म्हणाले.

"दोन्ही एका दमातलं आहे, बुवा. कापलं तर वाहवाही जाईल."

बुवांनी त्या पेन्सिलीएवढ्या माइककडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोरी, तुझ्याकडे एखादा जरा कमी ऐकू येणारा माइक असेल का गं?"