सुकी पूजा

ठमाबाईने बांगडीला अडकवलेली पिन काढली आणि कॉम्प्रेसरच्या टाकीवरचा निळा रंग खरवडला. खाली गंज असणार, याची तिला खात्री होती. खाली निघाला आणखी एक जुना निळा रंग.

“मावशे, मशीन बघतेस का नवरी?” दुकानदार केसरीनाथ हसला.

“नवरीचं चार लोक सांगतात. तुझ्या मशिनीचं तू एकटाच सांगतोस.”

कुमारने मान खाली घातली. आईला आणूच नये असं त्याच्या मनात होतं. पण ट्रॅक्टर आईच्या नावावर होता, पैसेही तिच्याच हातात होते, आणि ट्रॉलीच्या टायरमध्ये हवा टिकत नव्हती. गेल्या वर्षी भात कापून पडलेलं, ट्रॉली बसलेली, पंक्चरवाला चार कोसांवर. तेवढ्यात पाऊस आला आणि निम्म्या भाताला शेतातच कोंब फुटले. यंदा घरात स्वस्तातला कॉम्प्रेसर हवाच होता. काल्हेरच्या या गोदामाहून स्वस्त कुठेच नव्हता. बंद पडलेल्या लूमच्या कारखान्यांतली यंत्रं इथे येत.

वाटेत ठमाबाईने लेकाला दोनदा बजावलं होतं, “आपला गाव, आपला नाव सांगायचा न्हाय.”

तिला हे दुकान ठाऊक होतं. बावीस वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याने, राघोने, इथूनच पाण्याचं इंजिन नेलं होतं. केसरीनाथच्या बापाकडून. त्यांच्या गावात, अकलोलीत, तसं इंजिन दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. ठमाबाईने त्याला लेकरासारखं जपलं. दसऱ्याला बैलांच्या आधी त्याला न्हाऊ घातलं, तांब्या तांब्याने, वरपासून खालपर्यंत. हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. आणि चार दिवसांनी राघोने हँडल मारलं, तर आत काहीतरी कडकन मोडलं. इंजिन गाडीत घालून तो इथे आला आणि तसाच परत गेला. “फसलो गो,” एवढंच म्हणाला. “मालच खोटा होता.” गाव त्याला ‘इंजिनवाला राघो’ म्हणून हसत राहिला, तो जाईपर्यंत. पुढे वज्रेश्वरीच्या जत्रेत केसरीनाथचा बाप समोर आला, तेव्हा ठमाबाई त्याच्या पायाशी थुंकली होती. आता त्याचा फोटो गल्ल्यामागच्या भिंतीवर होता. आल्यापासून तिने तिकडे पाहिलं नव्हतं.

“तो चकचकीत का न्हाय देत?” तिने कोपऱ्यातल्या लाल कॉम्प्रेसरकडे बोट केलं.

“गावात लाईट किती तास असते?”

“आली तं आली.”

“मग तो काय कामाचा? लाईट गेली का त्यो झोपला. ह्याला पट्टा हाय. लाईट असली तं मोटारीवर, नसली तं इंजिनावर. वर स्वस्त हाय.”

स्वस्त म्हटल्यावर तिचा संशय दुणावला. तिने टाकीत हवा भरायला लावली. सांध्यांवर साबणाचा फेस लावायला लावला. बुडबुडा आला नाही. मग ती हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्यासमोर स्टूल घेऊन बसली. अर्धा तास काटा हलला नाही. तो चिकटवलेला असेल म्हणून तिने काचेवर टिचकी मारली. शेवटी केसरीनाथने हवा सोडली. काटा भराभर खाली आला, आणि धुळीने ठमाबाईचा पदर उडाला.

“आता तरी घे गो आये,” कुमार पुटपुटला.

ठमाबाईला खोट सापडत नव्हती. याचाच तिला राग येत होता.

“घेते,” ती म्हणाली. “पन दसऱ्यापातूर बंद पडला तं मी हितंच येऊन बसेन.”

केसरीनाथ पावतीपुस्तक शोधत होता. दसऱ्याचं नाव ऐकून तो थांबला.

“मावशे, बरी आठवन केलीस. पूजा सुकीच करायची. हळदकुंकू लाव, फूल वाहा, पन पानी घालायचा न्हाय. गावाकडच्या सगल्यांना मी हे सांगतंय. माज्या बापाच्या टायमाला एक इंजिन परत आलेला. आमी खोलला तं आत पानी. धूर जायाच्या नळीत झेंडूच्या पाकळ्या. कुन्या बायनं बैलासारखा धुतलेला, वरून पानी ओतून.”

ठमाबाईच्या हातातली पिन तशीच राहिली.

“मंग?” तिने विचारलं.

“मंग काय. त्या मानसानं पाकळ्या येचल्या, खिशात घातल्या. बापाला बोलला, शेट, माजे बायकोनं हौसेनं केलाय. तिला कळला तं जीवाला लावून घेल. मी गावात सांगेन का तुमीच खोटा माल दिलाव. तुमी फक्त न्हाय म्हनू नका.”

“आनी तुजा बाप?”

“न्हाय म्हनला न्हाय. मरेपातूर. त्या बाजूचा गिऱ्हाईक तुटला, जत्रेत एक बाय पायाशी थुंकली, तरी न्हाय. आता दोघंय गेलं, म्हनून सांगतंय.” केसरीनाथने पेन उघडलं. “चल मावशे. पावतीवर नाव काय घालू?”

कुमार आईकडे पाहू लागला. ठमाबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पहिल्यांदा भिंतीवरच्या फोटोकडे वर पाहिलं.

“ठमाबाई राघो,” ती फोटोला म्हणाली. “अकलोली.”