शेवटचा पोचा

नव्या तांब्याच्या भांड्यावर एकच पोचा पाडायचा राहिला होता. टॉरमड तांबटानं हातोडा खाली ठेवला.

"थांबलास का?" फर्कर मालक म्हणाला.

व्हिस्की उकळून उकळून झिजलेलं जुनं भांडं शेजारीच उभं होतं. त्याच्यावरचा एकेक पोचा नव्यावर जसाच्या तसा उतरवायचा. एक जरी चुकला तरी सिंगल माल्टची चव फिरते, हे भट्टीत बापजाद्यांपासून चालत आलेलं. मालक लोकांचं असंच. माणसाची चव फिरली तरी चालते, दारूची फिरता कामा नये.

"हा हातोड्याचा पोचा नाही," टॉरमड म्हणाला. "आईला विचारा."

त्याची आई एफी दारातच उभी होती. अंगात चर्चला जायचा काळा कोट, हातात विस्तव ढोसायची सळई. कामं टाकून सगळे गोळा झाले. मालकाचा धाकटा भाऊ हेक्टरही आला.

"ह्याच्या बापाला, माझ्या लॉक्लनला, चोर म्हणून तू ही सळई हाणलीस," ती म्हणाली. "तो वाकला, भांड्याला बसली. ज्यानं पाडला त्यानंच पाडावा."

"एफीबाई, झालं गेलं स्पे नदीला मिळालं. लॉक्लनही गेला बिचारा."

"गेला. पण चोर म्हणून गेला. त्याच्या मातीला तुमच्यातलं कुत्रंही आलं नाही."

"टॉरमड, बाबा, तूच घाल एक ठोका."

"घालतो की. मग चव फिरली तर मला बोलायचं नाही, मालक."

मागे कुणीतरी हसू दाबलं. फर्करनं सळई घेतली आणि हाणली. तांबं घुमलं.

एफीनं जुन्या पोच्यात अंगठा फिरवला, मग नव्यात. नासकं दूध चाखावं तसं तोंड केलं.

"उथळ झाला. त्या दिवशी जोर होता तुझ्यात. आणि मुक्यानं नव्हती मारलीस, लॉक्लनचं नाव घेऊन मारलीस."

"आता काय बोलू मी?"

"पिंपाला नळी लावून कोण पीत होतं, हे तुला तेव्हाही ठाऊक होतं. तुझ्याच ताटाला ताट लावून जेवायचा तो. आजही जेवतो. हाण पुन्हा. या खेपेला खरं नाव घेऊन."

फर्करनं सळई उचलली.

गर्दीत उभ्या हेक्टरनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.