चौथा साहेब

शिरोलीच्या फौंड्रीत सर्जेराव बारा वर्षं ओतीव लोखंडाचं कास्टिंग हातोडीनं वाजवून, नुसत्या आवाजावरून आतली चीर ओळखत होता. सुपरवायझरची जागा रिकामी झाली की मालक बाहेरून कुणीतरी आणायचे आणि म्हणायचे, "सर्जा, यांना जरा तयार कर." असे तीन साहेब त्यानं तयार केले. तिघंही वर्षभरात मोठ्या कंपन्यांत पळाले.

आज चौथ्यासाठी मुलाखती होत्या. सर्जेराव सकाळीच केबिनमध्ये शिरला. "मालक, या वेळी मलाच घ्या की. कॉम्प्युटरचं तेवढं शिकवा, महिन्यात जमवतो."

मालक हसले. "शिकवत बसायला वेळ कुठाय? मला बाहेरचा, तयार माणूस पाहिजे."

सर्जेरावानं टेबलावरचाच कागद ओढून दोन ओळींत राजीनामा लिहिला, त्यावर हातोडी ठेवली आणि तडक गेटबाहेर गेला. तिथून वळून परत आला, तेव्हा वॉचमननं विचारलं, "काय इसरलं, मामा?"

"काय न्हाई. पाहुण्यांचं रजिस्टर दे."

कामाच्या रकान्यात त्यानं 'सुपरवायझरची मुलाखत' असं लिहिलं आणि टाय घातलेल्या चार पोरांशेजारी बाकावर जाऊन बसला.

दुपारी त्याचा नंबर आला. मालकांनी मान वर केली, त्याला ओळखून पुन्हा टेबलाकडे पाहिलं. हातोडी अजून राजीनाम्यावरच होती.

"अनुभव?" त्यांनी विचारलं.

"तीन सुपरवायझर घडवलेत." सर्जेरावानं खुर्ची ओढली. "आता मी बाहेरचाबी हाय आन् तयारबी हाय. विचारा."