तिकीट नंबर

त्रेचाळिसाव्या दिवशी यशोधरानं एक मांजर काढलं. त्याच्या पायांत लोकरीचा गुंता, आणि खाली ठळक अक्षरांत, ‘अरेरे! काहीतरी चुकलं.’

शंभर दिवस, रोज मोबाइलचा एक स्क्रीन आखायचा, असं तिनं स्वतःशीच ठरवलं होतं. एरवी दादरच्या एका छापखान्यात ती लग्नपत्रिका जुळवायची. तिथून सुटून अ‍ॅपच्या डिझाइनमध्ये शिरायचं, तर हात तयार हवा. आजचा विषय होता अर्ज भरताना चूक झाली की दिसणारा स्क्रीन. मांजर तिला फारच आवडून गेलं होतं.

रविवारची दुपार. आई माहीमला बहिणीकडे गेलेली. बीडीडी चाळीतल्या त्या एका खोलीत दाखवायला वडीलच होते.

“अप्पा, बघा ना, कसं वाटतंय?”

अप्पांनी चष्मा लावून लॅपटॉप मांडीवर घेतला. बराच वेळ बघत राहिले.

“काय चुकलं, ते नाय लिवलंय.”

“ते मुद्दामच. माणूस वैतागतो ना, म्हणून जरा गंमत.”

“सायबरवाल्याकडं पण असंच आलं. मांजर नव्हतं. लाल अक्षरं होती.”

यशोधरानं त्यांच्याकडे पाहिलं. गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज भरायला ते पंधरा दिवसांपूर्वी एकटेच गेले होते. परत आल्यावर ‘झालं’ एवढंच म्हणाले होते.

“काय आलं होतं, अप्पा?”

“तिकीट नंबर चुकीचा.” त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “तीनदा घातला. तिन्ही वेळा तेच. मागं माणसं खोळंबलेली. मग उठलो.”

“मला का नाही सांगितलंत?”

“काय सांगू? अकरा वर्षं गिरणीत त्याच नंबरावर हजेरी लागली. मग संप झाला, गेट बंद झालं. त्यानंतर कुणी इचारलाच नाय तो. म्हटलं, आपल्याच डोक्यात भलता ऱ्हायला असंल.”

अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. यशोधरानं तो अर्ज उघडला आणि नंबर विचारला.

“चार, एक, सात, दोन,” अप्पा म्हणाले. आठवायला क्षणभरही थांबले नाहीत.

तिनं आकडे घातले. लाल अक्षरं आली. ती वाकून अगदी जवळून बघू लागली. चौकटीच्या खाली फिकट राखाडी रंगात, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘पाच अंक’. तो राखाडी रंग तिच्या चांगला ओळखीचा होता. बेचाळीस दिवस तिनंही तोच वापरला होता. नीटस दिसतो म्हणून.

तिनं चाराच्या आधी एक शून्य घातलं. अर्ज पुढे सरकला.

“शून्यच लावायचं होतं?” अप्पांनी विचारलं.

“हो.”

“मग तसं लिवायला काय झालं होतं?”

तिनं उरलेले रकाने त्यांना विचारून विचारून भरले, पोच उतरवून घेतली. मग स्वतःचा स्क्रीन पुन्हा उघडला आणि मांजर पुसून टाकलं. मोकळ्या जागेत काहीतरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. अक्षरं मोठी केली, काळीभोर केली, आणि लॅपटॉप अप्पांकडे फिरवला.

अप्पांनी बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, “तुमचा नंबर बरोबर आहे. त्याच्या आधी फक्त एक शून्य लावा.”

मग बोट पुन्हा सुरुवातीला नेलं. या खेपेला त्यांनी पहिलंच वाक्य तेवढं वाचलं.