आतून वाजणारं दार
मनाली इंग्लंडमधल्या स्लाऊ शहरात एका गोदामात सेफ्टी ऑफिसर होती. कामगारांसाठी ती सुरक्षिततेवर ब्लॉग लिहायची. एकदा विषयच सुचेना, म्हणून रविवारी दुपारी सासऱ्यांसोबत जुना भुताचा सिनेमा बघत बसली. सिनेमातल्या घरात तळघराचं दार आतून वाजायचं, पण घरच्यांच्या ते इतकं अंगवळणी पडलं होतं की कुणी उठायचंच नाही. विषय मिळाला म्हणून हायसं वाटतं तोच तिच्या अंगावर काटा आला. गोदामातल्या कोल्ड स्टोअरमध्ये, आत अडकलेल्याने दाबायची मदतीची बेलही अशीच वाजत असायची. तिने सुपरवायझरला फोन लावला. "विलास, बेल वाजतेय का?" "सकाळपासून. ती बिघडलीय." "आधी दार उघड." आत पडलेल्या रॅकखाली एक कामगार जिवंत सापडला. संध्याकाळी हॉस्पिटलात ती त्याला म्हणाली, "बरं झालं, बेल दाबत राहिलास." तो म्हणाला, "ताई, माझे दोन्ही हात रॅकखाली अडकले होते."