मापाची नळी

अण्णांच्या छातीतली मुख्य रक्तवाहिनी फुगली होती, कधी फुटेल याचा नेम नव्हता. छाती न उघडता मांडीतून सरकवून बसवायची कापडी नळी त्यांच्या मापाने शिवायला टाकून महिना झाला, तरी तिचा पत्ता नव्हता. रजा टाकून पंधरा दिवस उशाशी बसलेल्या लेकीचा जीव टांगणीला लागला. अशा नळ्या शिवणं हेच तिचं काम. कारखान्यात पेशंटचं नाव कळत नसे, फक्त नंबर. डॉक्टरांकडून नंबर घेऊन तिने सुपरवायझर बाईंना फोन लावला.

"जिच्या टेबलावर अडलीय तिला म्हणावं, इथे माणूस हातचा जाईल."

बाईंनी नोंदवहीत नंबर शोधला.


"तुझ्याच टेबलावर आहे गं, अर्धी शिवलेली. एकीच्या शिवणीला दुसरीने हात लावायचा नाही, म्हणून तुझीच वाट बघतोय."